एका दिवसात पुण्यातली किती इंजिनिअरिंग कॉलेजं नीट बघून होतात?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरचं कुटुंब. मुलीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत चांगले पर्सेंटाइल आहेत आणि तिला कॉम्प्युटर किंवा ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) हवं आहे. यादीत सीओईपी, पीआयसीटी, व्हीआयटी, कमिन्स आणि आकुर्डीचं पीसीसीओई. हाताशी एकच दिवस. पाचही कॉलेजं होतील का आणि कोणत्या क्रमाने करावीत?

पाच होणार नाहीत. तीन होतील, आणि तीनच करा. पाच ठिकाणची फाटकं बघून होतील, फोटो निघतील, पण संध्याकाळी घरी जाताना कुठल्या कॉलेजात काय पाहिलं ते एकमेकांत मिसळून गेलेलं असेल. एका आवारात कामाचं काही कळायचं तर सव्वा ते दीड तास लागतो. कार्यालयं साधारण दहा ते पाच चालतात आणि मधला जेवणाचा पाऊण-एक तास खिडकीवर कुणी नसतं. पुण्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला पाऊण तास सहज जातो. हिशोब मांडला की तीनच्या पुढे आकडा सरकत नाही.

तीन पुरतात याला आणखी एक कारण आहे आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पर्याय अर्जात पसंती म्हणजे नुसतं कॉलेज नव्हे. कॉलेज आणि शाखा मिळून एक पसंती होते. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी एखादी मिळाली किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती जागा आपोआप कायम होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणजे अर्जात ३०० पर्याय भरता येत असले तरी खरा कस पहिल्या सहा ओळींचा लागतो. तीन कॉलेजं आणि दोन शाखा यांच्या सहा जोड्या होतात. या सहा ओळींचा क्रम ठरवण्यासाठी पुण्याला यायचं आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे ही प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचा.

कोणती तीन?

इथे बहुतेक पालक उलटं करतात. सगळ्यात नावाजलेलं कॉलेज आधी धरतात. वास्तविक, ज्या दोन कॉलेजांमध्ये मन अडकलंय तिथे जायला हवं. सीओईपीत हवी ती शाखा मिळण्याइतके गुण असतील, तर ती पसंती तशीही पहिली लिहिली जाणार. तिथे जाऊन तुमचा क्रम बदलणार नसेल, तर दिवसाचे दोन तास तिथे कशाला घालवायचे? गुण सीओईपीच्या आसपासही नसतील तर ते सहलीचं ठिकाण झालं. सीओईपी बघायचं ते एकाच परिस्थितीत: तिथली मनाबाहेरची शाखा, उदाहरणार्थ मेटलर्जी किंवा सिव्हिल, आणि दुसरीकडची मनासारखी कॉम्प्युटर, यांत निवड करायची असेल तेव्हा. तेव्हा मात्र जरूर बघा आणि त्या विभागातच जाऊन बसा.

गुण कुठपर्यंत पोचतात ते घरीच तपासा. गेल्या वर्षीची कटऑफ यादी उघडली की प्रत्येक शाखेखाली आसनप्रकारांचे संकेत दिसतात. त्यांतलं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतले विद्यार्थी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे आणि एस म्हणजे राज्यस्तर. सोलापूरची मुलगी सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीतली, त्यामुळे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी तिने ओ पाहायचं. शेजारच्या एच रकान्यातला आकडा वाचून खूश होणारे किंवा हिरमुसणारे पालक दर वर्षी असतात. संकेताच्या सुरुवातीचं एल म्हणजे मुलींसाठीची जागा, तोही रकाना वाचा. आणि पहिल्या फेरीसोबत शेवटच्या फेरीचा कटऑफही बघा, दोहोंतला फरक खूप काही सांगतो.

पीसीसीओई या दिवसातून बाजूला ठेवा. आकुर्डी आणि पीआयसीटी जिथे आहे ती धनकवडी म्हणजे शहराची दोन टोकं. आकुर्डीकडचा दिवस वेगळा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

तर या कुटुंबासाठी माझं उत्तर: कमिन्स, पीआयसीटी, व्हीआयटी. याच क्रमाने.

दिवस कसा चालेल

सोलापूरहून सकाळची वंदे भारत नऊच्या सुमारास पुणे स्टेशनला पोचवते आणि संध्याकाळी सातच्या आसपास तिचीच परतीची गाडी मिळते. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही आणि जाताना-येताना तो सुटीचा वार वेगळा आहे, तिकीट काढताना बघून घ्या. हुतात्मा एक्सप्रेस स्वस्त पडते, पण ती साडेदहाच्या सुमारास पोचते आणि पुण्याहून संध्याकाळी सहाला निघते. तिच्याने गेलात तर दोनच कॉलेजं धरा. एसटीने रात्री निघून पहाटे उतरणार असाल तर सोलापूर रस्त्याच्या गाड्या बहुतेक स्वारगेटला येतात. नगरमार्गे येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला आहे. तिकिटावर शिवाजीनगर असलं तरी उतरायचं वाकडेवाडीला.

सामान असेल तर स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. पाठीवर मोठ्या बॅगा घेऊन कॉलेजच्या फाटकावर गेलं की चौकशीत दहा मिनिटं जास्त जातात.

पुणे स्टेशनहून वनाजकडे जाणारी मेट्रो धरा आणि नळ स्टॉपला उतरा. मध्ये गाडी बदलावी लागत नाही, पाव तास-वीस मिनिटांत पोचता. तिथून कर्वेनगरला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे दहा-सव्वादहाला कमिन्सच्या फाटकावर. हे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं १९९१ साली सुरू झालेलं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. सकाळी पहिलं हेच, कारण इथे वसतिगृहाचा प्रश्न निर्णायक ठरतो आणि वसतिगृहाच्या रेक्टर सकाळी भेटण्याची शक्यता जास्त असते.

साडेअकरा-पावणेबाराला निघा. कर्वेनगरहून धनकवडीला जायला दोन वाटा आहेत. एक राजाराम पुलावरून सिंहगड रस्ता, पर्वती, मग सातारा रस्ता. दुसरी वारज्याहून महामार्गाने नवले पुलाकडून. नकाशावर दुसरी मोकळी दिसते, पण नवले पुलापाशी एखादी जड गाडी अडकली की तासभर हलता येत नाही आणि मधून बाहेर पडायला गल्लीही नाही. शहरातून जाणारी वाट घ्या. पस्तीस ते पन्नास मिनिटं धरा. साडेबाराला पीआयसीटी.

पीआयसीटीचा परिसर आटोपशीर आहे आणि शाखा मुख्यतः कॉम्प्युटर, आयटी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या. एक तास-सव्वा तास पुरतो. जेवणाची सुटी इथेच गाठायची: पोचताच आधी कार्यालयातलं काम उरका आणि एकच्या पुढे कॅन्टीनमध्ये बसा. तुमचं जेवण होतं आणि सीनियर मुलंमुली सगळ्यात मोकळेपणाने बोलतात ती हीच वेळ.

दोनच्या सुमारास बिबवेवाडीकडे निघा. रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं. अडीच ते चार व्हीआयटी. ते शेवटी ठेवलं, कारण तिथून स्वारगेट जवळ पडतं. चारला निघालात तर साडेचारपर्यंत स्वारगेट, तिथून भुयारी मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे मार्गिका बदलून पुणे स्टेशन. सिव्हिल कोर्टला सुमारे ३३ मीटर खोलातून वरच्या मार्गिकेवर यावं लागतं. सरकत्या जिन्यांवरच पाच-सात मिनिटं जातात, आजी-आजोबा बरोबर असतील तर दहा धरा. तरीही साडेपाचला स्टेशनवर आहात. उरलेला दीड तास मोकळाच राहू द्या. पावसाळ्यात तो कुठे ना कुठे लागतोच.

तिन्ही कॉलेजांत सारख्याच शाखेची तुलना करायची आहे, म्हणून वेळही सारखाच द्या. पहिल्या ठिकाणी उत्साहात अडीच तास घालवले की तिसऱ्या ठिकाणी कार्यालय बंद होत असतं आणि ते कॉलेज उगाच उदास वाटतं.

सीओईपी घ्यायचंच असेल तर क्रम बदलतो. पुणे स्टेशनहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. १८५४ पासूनची संस्था आहे, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ. आवार मोठं, वसतिगृहाचं आवार वेगळं, त्यामुळे इथे दोन तास ठेवा. त्यानंतर सिव्हिल कोर्टहून स्वारगेटला मेट्रोने दहाएक मिनिटं, मग व्हीआयटी आणि पीआयसीटी. कमिन्स मात्र त्या दिवशी होत नाही. धनकवडीहून कर्वेनगरला पोचेपर्यंत साडेचार-पाच वाजतात आणि खिडकी बंद होते.

तारीख कधीची?

जूनच्या सुरुवातीला आवारं रिकामी असतात. इमारत दिसते, माणसं दिसत नाहीत. सीनियर वर्गांचे तास सुरू झाल्यावर, म्हणजे साधारण जुलैत, प्रयोगशाळा चालू असतात आणि खरं चित्र कळतं. दुसऱ्या बाजूने, पर्याय अर्ज भरायला फार तर तीन-चार दिवस मिळतात आणि तेव्हा प्रवेश कक्षात उभं राहायला जागा नसते. म्हणून तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर आणि पर्याय अर्ज उघडण्याआधी या. तेव्हा तुमचा क्रमांक माहीत असतो, कुठपर्यंत पोचाल याचा अंदाज असतो आणि कर्मचाऱ्यांना बोलायला वेळही असतो.

मंगळवार, बुधवार, गुरुवार हे चांगले दिवस. सोमवारी आठवड्याची तुंबलेली कामं असतात. शनिवारी काही कॉलेजं अर्धा दिवस चालतात, काही विभाग बंद असतात. आदल्या दिवशी तिन्ही ठिकाणी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: उद्या परीक्षा किंवा तपासणी समितीची भेट आहे का, विभागात पालकांना कुणाला भेटता येईल, आणि वसतिगृह बघायची वेळ कोणती. समितीची भेट असेल तर प्रयोगशाळा चकाचक असतात, पण तुम्हाला आत सोडत नाहीत.

पालखीचे दिवस टाळा. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीला मुक्काम करून पुण्यात येते, माउलींची आळंदीहून येते आणि दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री थांबतात. त्या दिवसांत जुना मुंबई रस्ता, वाकडेवाडी, शिवाजीनगर आणि पेठांचा भाग टप्प्याटप्प्याने बंद असतो. अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी पालखी जुलैत सरकते आणि नेमकी प्रवेशाच्या धामधुमीत सापडते.

दीड तासात काय बघायचं

आधी प्रवेश कक्ष. वीस मिनिटांच्या वर तिथे रेंगाळू नका. माहितीपत्रकात छापलेलं विचारायला ही वेळ नाही. शुल्काचं विचारा: शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेलं यंदाचं शुल्क किती, त्यात शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, अनामत किती, परीक्षा शुल्क वेगळं आहे का. ही फोड मुलींच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के सवलत आहे. विकास शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च त्यात येत नाही. संस्थास्तरावरच्या, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातल्या, जागेला ती लागू नाही, खासगी विद्यापीठांनाही नाही. ‘प्रवेशाच्या दिवशी आम्हाला प्रत्यक्ष किती भरावे लागतील?’ असा सरळ प्रश्न करा आणि आकडा लिहून घ्या.

मग विभाग. इथे निम्मा वेळ द्या. प्रयोगशाळेच्या दारावर वेळापत्रक लावलेलं असतं, ते वाचा. आठवड्यातले किती तास भरलेले आहेत, एका गटात किती मुलं आहेत, हे त्यावरून कळतं. वीसेक मुलांचा गट ठीक. तीस मुलं आणि पंधरा चालू यंत्रं असतील, तर अर्धी मुलं बघत उभी राहणार. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर कॅलिब्रेशनची चिठ्ठी असते, तिच्यावरची तारीख बघा. नवं महागडं उपकरण काचेच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर ते मुलांच्या हाती किती लागतं हे तिथल्या लॅब असिस्टंटला विचारा. तो खरं सांगतो.

शाखेच्या तुकड्या किती, हे नक्की विचारा. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था एआयसीटीईने २०२४ पासून जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटर व त्याच्या भावंडशाखांच्या जागा वाढवल्या. जागा वाढल्या तेवढे शिक्षक वाढले का, वर्ग कुठे भरतात, प्रयोगशाळा दोन पाळ्यांत चालते का? विभागाच्या फलकावर शिक्षकांची यादी असते. कायम किती, कंत्राटी किती, पीएचडी झालेले किती, हे विचारण्यात गैर काही नाही.

एनबीए आणि नॅक या दर्जा तपासणाऱ्या संस्था. एनबीएचं मानांकन शाखेला असतं, नॅकचं संपूर्ण कॉलेजला. कॉलेजला नॅकची वरची श्रेणी असूनही तुमच्या शाखेला एनबीए नसू शकतं. प्रमाणपत्र भिंतीवर असतं, त्यावरची मुदतीची तारीख वाचा. नव्याने सुरू झालेल्या शाखेची पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत एनबीए मिळत नाही, त्यामुळे एआय-डेटा सायन्ससारख्या शाखेला ते नाही म्हणून लगेच नाकारू नका. तिथे शिकवणारे कोण, हे जास्त बघा.

प्लेसमेंटचा विषय निघाला की मोठा आकडा पुढे येतो. तो बाजूला ठेवून चार प्रश्न करा: तुमच्या शाखेत अंतिम वर्षाला मुलं किती होती, त्यांतली किती नोकरीसाठी पात्र ठरली, किती जणांना मिळाली, आणि रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाचं पॅकेज किती. सरासरी सांगितली तर मध्यक मागा. दोन-तीन मुलांच्या चाळीस-पन्नास लाखांनी सरासरी वर खेचली जाते. पॅकेजमध्ये बोनस आणि शेअर धरलेले असतात, तेव्हा महिन्याला हातात किती येतात हे सीनियर मुलांनाच विचारा.

मुलांशी बोलताना पालकांनी चार पावलं मागे थांबावं ही माझी ठाम विनंती आहे. मुलीला एकटीला बोलू द्या. ‘कॉलेज चांगलं आहे का?’ याला कुणीही हो म्हणेल. ‘मागच्या सेमिस्टरला कुठला विषय सगळ्यात वाईट शिकवला गेला?’, ‘हजेरी कमी पडली तर काय होतं?’, ‘संध्याकाळी लॅब कितीपर्यंत उघडी असते?’, ‘परत संधी मिळाली तर इथेच येशील का?’ यांची उत्तरं उपयोगाची. शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलगी गाठा आणि प्रवेश कक्षाने बसवलेल्या स्वयंसेवकांशिवाय आणखी दोघींशी बोला.

वसतिगृहासाठी दहा मिनिटं पुरतात, पण ती काढाच. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना फाटकाच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे आई, मावशी, मोठी बहीण यांपैकी कुणीतरी बरोबर हवंच. तीन माणसांपेक्षा जास्त येऊ नका. खोलीत पलंग किती, पहिल्या वर्षाला जागा किती आणि त्या कशावर मिळतात, यादी कधी लागते, मेस सक्तीची आहे का, रात्री परतायची वेळ कोणती. ‘वसतिगृह उपलब्ध’ याचा अर्थ ‘तुम्हाला मिळेल’ असा होत नाही. मिळालं नाही तर आसपास पीजीत महिन्याला काय खर्च येतो, हे तिथल्याच मुली सांगतील. फोटोला बहुतेक ठिकाणी मनाई असते, वही जवळ ठेवा.

नोंद फाटकाबाहेर पडताच

घरीच एक कोरा तक्ता करा: डावीकडे सात-आठ मुद्दे, वर तीन कॉलेजांची नावं. प्रत्येक आवारातून निघाल्यावर रिक्षात बसल्या बसल्या मुलगी आणि पालक यांनी वेगवेगळे गुण लिहायचे. लिहून होईपर्यंत आपसात बोलायचं नाही. बोललं की ज्याचा आवाज मोठा त्याचं मत दोघांचं होतं. संध्याकाळी गाडीत दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. जिथे आकडे जुळत नाहीत तिथेच चर्चा करायची आहे.

आकुर्डीचा दिवस, आणि सोबत मुंबईचा

पीसीसीओई आणि डी. वाय. पाटील आकुर्डी ही दोन्ही आकुर्डी रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्यासारखी आहेत. पुणे-लोणावळा लोकलने पुण्याहून पाऊण तासाच्या आत पोचता. ही जोडी अर्ध्या दिवसात होते, दुपारनंतर पिंपरीचं डी. वाय. पाटील जमतं, ते संत तुकारामनगर मेट्रो स्थानकाच्या बाजूला आहे. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, तेव्हा परतीची वेळ बघून ठेवा, नाहीतर पिंपरीहून मेट्रो घ्या. या मार्गिकेचं शेवटचं स्थानक पिंपरी-चिंचवड मनपा आहे आणि मेट्रो आकुर्डीपर्यंत जात नाही, हे नकाशा न बघता निघालेल्यांना तिथे पोचल्यावर कळतं.

मुंबईत दिवस रेल्वेच्या मार्गावर बेतावा लागतो. माटुंग्याला व्हीजेटीआय, तिथून मध्य रेल्वेने विद्याविहारला सोमय्या, तिथून पुढचंच स्टेशन घाटकोपर, घाटकोपरहून वर्सोव्याच्या मेट्रोने आझादनगर आणि तिथे अंधेरीचं सरदार पटेल म्हणजे एसपीआयटी. वर्तुळ छान जुळतं. या वाटेने दादरची गर्दी टळते. विद्याविहारचं सोमय्या आता खासगी विद्यापीठाचा भाग आहे आणि शीवचं सोमय्या वेगळं, हे मात्र आधी समजून घ्या.

हा नावांचा घोळ पुण्यात आणखी मोठा आहे. व्हीआयटी बिबवेवाडीला आणि व्हीआयआयटी कोंढव्याला. एमआयटी नावाच्या संस्था कोथरूडला, आळंदीला आणि लोणी काळभोरलाही. डी. वाय. पाटील तर आकुर्डी, पिंपरी, लोहगाव असे कितीतरी. रिक्षावाल्याला नुसतं ‘डी. वाय. पाटील’ सांगितलं तर तो त्याला माहीत असलेल्या ठिकाणी नेईल. कॅपमधला संस्थेचा पाच अंकी संकेत सोबत ठेवा: सीओईपीचा १६००६, पीआयसीटीचा ०६२७१, व्हीआयटीचा ०६२७३, कमिन्सचा ०६२७६. फाटकावरचं नाव आणि संकेतापुढचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे.

गाडी, पाऊस आणि फाटकावरची माणसं

तिघं-चौघं असाल आणि पावसाचा अंदाज असेल, तर आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या बोलीवर गाडी ठरवणं या मार्गासाठी योग्य. ऐंशी किलोमीटर कमिन्स-पीआयसीटी-व्हीआयटीला पुरून उरतात. चालकाला पार्किंग शोधू द्या, तुम्ही फाटकावर उतरा. बाहेरच्या गाड्या बहुतेक कॉलेजं आत घेत नाहीत. सीओईपी आणि मंगळवार पेठेचं एआयएसएसएमएस अशी जोडी असेल तर मात्र गाडी अडचणच. दोन्हींत दीडएक किलोमीटरचं अंतर, संगम पुलावरून रिक्षा करा.

फाटकावर नोंदवहीत नाव, फोन, ओळखपत्र लागतं. आधार किंवा वाहन परवाना सगळ्यांचा हवा, आणि मुलीच्या सीईटी गुणपत्रकाची एक छायाप्रत. मूळ कागदपत्रं आणूच नका. कॉलेज बघायला ती लागत नाहीत आणि पावसात भिजली तर नवी दुखणी.

प्रवेशाच्या दिवसांत फाटकाबाहेर ‘जागा करून देतो’ म्हणणारे उभे असतात. काही जण मदत म्हणून पर्याय अर्ज भरून देतो म्हणतात आणि लॉगिन मागतात. कॅपची जागा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरूनच मिळते, दुसरा मार्ग नाही. लॉगिन, पासवर्ड, ओटीपी कुणालाही देऊ नका. अर्ज दुसऱ्याने भरून लॉक केला आणि पहिल्या ओळीत त्याच्या सोयीचं कॉलेज टाकलं, तर ती जागा आपोआप कायम होऊन बसते. संस्थास्तरावरच्या जागांसाठी कॉलेज जाहीर सूचना काढतं, त्यांचा अर्ज त्या सूचनेत सांगितल्याप्रमाणेच करायचा आणि पावती घ्यायची.

घरी परतल्यावर दोन दिवसांच्या आत सहा ओळी कागदावर उतरवा. क्रम आवडीचा लिहा, मिळण्याच्या शक्यतेचा नको. वाटप गुणवत्ता क्रमांकानुसार होतं आणि तुमच्या यादीत वरून खाली बघत जातं, वरची ओळ मिळाली नाही म्हणून खालच्या ओळीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. अर्ज लॉक करण्याआधी छापून घ्या आणि प्रत्येक ओळीचा संकेत कॉलेजच्या आणि शाखेच्या नावाशी ताडून बघा. एकाच कॉलेजात कॉम्प्युटर, कॉम्प्युटर-एआय आणि एआय-डेटा सायन्स अशा तीन वेगळ्या संकेतांच्या शाखा असतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात.